शतद्वीपचं सरकार कुणी पाडलं

१

शतद्वीप प्रजासत्ताकाचं आघाडी सरकार शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पडलं, तेव्हा पंतप्रधानांच्या तोंडात बटाटेवडा होता.

"वाचा ना अण्णा, थांबलात का?" घास गिळत पंतप्रधान म्हणाले.

सभापती प्रल्हादराव थांबले होते, कारण हातातल्या कागदावर पुढे काय आहे ते त्यांच्या डोळ्यांनी आधीच वाचलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पडेल आवाजात वाचून टाकलं, "जलपक्ष आपल्या नऊ सभासदांसह सरकारचा पाठिंबा काढून घेत आहे आणि विरोधी पक्षाला देत आहे."

सन २०७५ मधला हा शंभर बेटांचा देश कुठल्याच नकाशावर नव्हता. तो होता कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट गावातल्या एका टाउनहाउसच्या दिवाणखान्यात, महिन्यातून एका शनिवारी, दुपारी दोन ते सहा. चार वर्षांपूर्वी, १९८२ साली, चौघा मराठी मित्रांनी तो खेळ म्हणून मांडला. घराचा मालक प्रताप पंतप्रधान. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातला नागपूरचा इंजिनियर धर्मराज मेश्राम पाणीमंत्री, जलपक्षाचा नेता. दातांची डॉक्टर मृणालिनी अर्थमंत्री. समोरच्या सोफ्यावर एकटा गिरीश, म्हणजे सगळा विरोधी पक्ष. प्रतापचे वडील प्रल्हादराव साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. ते निवृत्त ग्रंथपाल, शिवाय कमी बोलणारे, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना सभापती केलं होतं.

महिनाभर कुणीही कुणालाही पत्र लिहायचं, पाकीट जिन्याखालच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं, आणि सभापतींनी ते भर सभेत फोडायचं. पक्षांचे रबरी शिक्केही त्याच डब्यात. दगा चालत असे. किंबहुना दग्याशिवाय खेळाला मजाच नव्हती. फक्त दगा देणाऱ्याने पत्र वाचून झाल्यावर उभं राहायचं आणि 'मी दिला' म्हणायचं. नाकारलं तर खेळातून बाहेर. याला ते कलम एक म्हणत.

सगळे धर्मराजकडे बघत राहिले. तो उठला नाही.

"हे पत्र माझं नाही," तो म्हणाला.

"अरे यार, मान्य कर ना!" गिरीश हसत म्हणाला. "सॉलिड खेळलास. मी टाळ्या वाजवायला हात पुसून बसलोय."

"लिहिलंच नाही तर काय मान्य करू?"

"शिक्का तुझा आहे, धर्मराज," मृणालिनी म्हणाली. "आणि नऊ मतं फिरवून फायदा तुलाच होणार होता. शेवटी..." ती थांबली.

"शेवटी काय?"

"काही नाही."

 प्रतापचा चेहरा इतका दुखावलेला होता की कांचनने, त्याच्या बायकोने, चहाचा ट्रे दारातच धरून ठेवला. धर्मराजने आपली बशी सिंकमध्ये नेली, साबण लावून धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि तो बाहेर पडला.

"पुढच्या शनिवारी मत घेऊ," प्रताप जड आवाजात म्हणाला. "नियम आपणच केलाय."

२

रविवारी सकाळी दहा वाजता धर्मराजची मुलगी सुलभा बाराखडी शिकायला कांचनकडे येत असे. त्या रविवारी ती आली नाही. कांचनने फोन केला, तो कुणी उचलला नाही.

प्रल्हादरावांना त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. खेळातून बाहेर म्हणजे काय, हे इथे चार महिने राहिल्यावर त्यांना कळलं होतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला शंभर माणसं जमत, पण धर्मराजला आपल्या टेबलावर जेवायला बसवणारं मराठी घर या गावात एकच होतं. शनिवारी ते बंद होणार होतं. आणि तो खोटा नसेल तर?

पण आपण कोण विचारणारे? आयुष्यभर पुस्तकांच्या पाठींवर आकडे चिकटवले. लोकांचे चेहरे वाचायची वेळ आली की आपण नेमकं चुकतो, असं त्यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

चेहरे नाहीत, तर निदान कागद तरी बघावा, म्हणून त्यांनी ते पत्र काढलं. ते टाइप केलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. प्रतापने मुंबईहून मराठी टाइपरायटर आणला होता आणि शतद्वीपची बरीचशी पत्रं त्याच्यावरच, जिन्याशेजारच्या खोलीत, तिथल्याच कागदावर होत. सभेच्या आदल्या आठवड्यात तिघेही पाहुणे घरी येऊन गेले होते. गिरीश रोज सकाळी ऑफिसला जाताना प्रतापला घ्यायला, मृणालिनी सिनेमाच्या कॅसेटी परत करायला, धर्मराज गुरुवारी असाच.

ग्रंथपालाच्या हाताला एक खोड असते. कागद हातात आला की तो दुसऱ्या कागदावर ठेवून काठ जुळवायचे. प्रल्हादरावांनी गठ्ठ्यातला कोरा कागद घेतला, त्यावर पत्र ठेवलं, खालचे कोपरे जुळवले.

वरचे जुळेनात.

पत्र दीड इंच तोकडं होतं. वरचा काठ पट्टी आणि ब्लेडने सफाईदार कापलेला. आणि पहिली ओळ त्या काठाला जवळजवळ चिकटलेली होती. प्रल्हादरावांनी कोरा कागद मशीनमध्ये घालून पाहिला. इतक्या वर टाइप करताच येत नव्हतं. दांडीखाली कागद नीट धरला जाईपर्यंत इंचभर मोकळी जागा सुटतच होती.

म्हणजे पत्र लिहून झाल्यावर कुणीतरी त्याचं डोकं उडवलं होतं. तिथे आधी काहीतरी लिहिलेलं होतं.

३

सोमवारी सकाळी गिरीश हॉर्न वाजवून ड्राइव्हवेत उभा राहिला. प्रताप दाढी करत होता. प्रल्हादराव शाल गुंडाळून बाहेर गेले आणि खिडकीपाशी घोटाळले.

"काय काका, तपास चालू?" गिरीश म्हणाला. "सस्पेक्ट नंबर वन मीच. सरकार पडलं तर खुर्ची माझी."

"तुम्ही... म्हणजे तू केलंस का?"

"मी केलं असतं तर वर्षभर सांगत फिरलो असतो. दगा द्यायचा आणि नाव दुसऱ्याचं? मग मजा काय त्यात?"

प्रल्हादरावांनी चाचरत कापलेल्या कागदाचं सांगितलं. गिरीशने हॉर्नवरचा हात काढला. "सोपं आहे. धर्मराज पत्राच्या वर काय लिहितो? जय भीम. तेच कापलं असेल."

"का कापेल?"

"ते मला काय माहीत! मी तर वर काहीच लिहीत नाही. देवधर्म आपल्याला जमत नाही. नवी कार घेतली तेव्हा आईने फोनवर नारळ फोडायला लावला. फोडला, आणि चटणी केली."

मंगळवारी मृणालिनी कॅसेट न्यायला आली. प्रल्हादरावांनी तिला विचारलं, तुझं पत्र कुठल्या मशीनवर करतेस?

"काका, मी हातानेच लिहिते. तुमच्या त्या मशीनइतके वाकडे दात मी पेशंटचेही पाहिले नाहीत. एकदा 'अर्थमंत्री' टाइप करायला गेले, अर्धा तास गेला आणि नख तुटलं."

"त्या दिवशी तू 'शेवटी' म्हणून थांबलीस. पुढे काय होतं?"

मृणालिनी गाडीच्या किल्ल्यांशी खेळू लागली. "काही नव्हतं हो काका. तोंडातून गेलं." मग हळूच म्हणाली, "त्याच्या लक्षात आलं असेल का?"

 ते धर्मराजलाच विचारायला हवं होतं, आणि धर्मराज फोन उचलत नव्हता.

४

बुधवारी संध्याकाळी प्रल्हादराव चालत निघाले. या गावात कुणी चालत नाही. रुंद रस्त्याच्या कडेने, सुसाट गाड्यांच्या बाजूने, पाऊण तास तो म्हातारा माणूस मफलर सांभाळत गेला. धर्मराजच्या बायकोने, सुमित्राने, दार उघडलं आणि त्यांना बघून ती बाजूलाच झाली.

"काका! चालत आलात?" धर्मराज उठून उभा राहिला. "फोन केला असता तर आलो असतो."

"फोन केले होते."

धर्मराज कसनुसं हसला. सुमित्राने पोहे आणले. खाऊन झाल्यावर प्रल्हादरावांनी विचारलं, "जय भीम तू नेहमी लिहितोस?"

"चार वर्षं प्रत्येक पत्रावर. तुम्हीच तर भर सभेत वाचता. का?"

"त्या पत्रावर नव्हतं."

"माझं नव्हतंच ना ते." त्याने बशी खाली ठेवली. "काका, खेळातून काढलं तर काढू द्या. मला राग त्याचा नाही. मृणालिनीने 'शेवटी' म्हणून पुढचं गिळलं ना, ते मी लहानपणापासून पूर्ण ऐकत आलोय. प्रतापच्या घरी ते कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तर ते घर घेणार होतो."

"कुठलं घर?"

"तुमच्या शेजारचं! विकायला आहे ना. एका भिंतीची दोन घरं. सुलभाने वरची खोली पसंत करून ठेवलीय, खिडकीतून कांचनकाकूला हाक मारणार म्हणे. गुरुवारी मी पुन्हा बघायलाच आलो होतो. येत्या सोमवारी सही आहे. कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त प्रतापला. सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं."

"प्रताप काय म्हणाला?"

"म्हणाला, थोडा थांब, भाव उतरतील. मग म्हणाला, भिंतीतून फार आवाज येतो. मग म्हणाला, बघ बाबा तुझं तू." धर्मराज खिडकीबाहेर बघत राहिला. "शनिवारी मला खोटा ठरवून काढलं, तर त्या भिंतीपलीकडे राहून काय करू? ब्रोकरला सोमवारी नाही म्हणून सांगेन."

धर्मराजने त्यांना गाडीने घरी सोडलं.  प्रल्हादरावांच्या मनात एक शंका उभी राहिली होती, आणि ती चुकीची ठरावी म्हणून ते देवाचं नाव घेत होते.

५

गुरुवारी घरात कुणी नसताना त्यांनी चार वर्षांची फाइल काढली आणि पत्रांचे चार गठ्ठे लावले.

कापलेल्या जागी जय भीम नव्हतं, हे आता नक्की होतं. माणूस जे चार वर्षं उघडपणे लिहितो, ते एकदाच लपवेल कशाला? तेही आपलाच शिक्का मारलेल्या पत्रावर? उलट, तिथे असं काहीतरी होतं जे धर्मराजने कधीच लिहिलं नसतं. ते दिसताच पत्र बनावट ठरलं असतं. लिहिणाऱ्याच्या बोटांनी ते सवयीने आधी लिहिलं आणि डोकं नंतर जागं झालं.

गिरीशचा गठ्ठा सरळ 'सभापती महाशय' पासून सुरू होत होता. वर काही नाही. मृणालिनीचा सगळा गठ्ठा हाताने लिहिलेला, वर नुसती तारीख.

चौथ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर, अगदी वर, मधोमध, टाइप केलेलं होतं: ॥ श्री ॥.

सवय लावली होती कुणी? पाटीवर पेन्सिल टेकवण्याआधी श्री काढ, कोऱ्या कागदावर एकदम मजकूर लिहू नये, असं सहा वर्षांच्या मुलाचा हात हातात धरून कुणी शिकवलं होतं? पंतप्रधान स्वतःचंच सरकार का पाडेल, असं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी प्रताप ऑफिसमधून आला. प्रल्हादरावांनी तोकडं पत्र आणि कोरा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. 

प्रतापने दोन्ही कागद बघितले. कोट न काढता तो खुर्चीत बसला.

"सगळं टाइप करून झालं होतं," तो म्हणाला. "शिक्का मारला आणि वर लक्ष गेलं. पुन्हा करणार होतो, तेवढ्यात तुम्ही फिरून आलात. दाराचा आवाज आला, मग नुसतं वरचं कापून टाकलं."

"का, प्रताप?"

"तुम्हाला माहीत असणार. तुम्ही त्याच्याकडे जाऊन आलात."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"अण्णा, तो येतो, जेवतो, कांचनला वहिनी म्हणतो. मला काही वाटतं का? पण भिंतीला भिंत? एक ड्राइव्हवे, एक अंगण? पुढच्या वर्षी आई येणार. मंडळातले लोक येतात. आणि तोंडावर नाही कसं म्हणायचं? या देशात तसं म्हणता येत नाही."

"म्हणून त्याने आपणहून नको म्हणावं, अशी व्यवस्था केलीस. चार वर्षांच्या मित्राला खोटा पाडून."

"खेळ आहे तो, अण्णा!"

"त्याला कुठे माहीत होतं तू काय खेळतोयस ते?"

प्रताप उसळून उभा राहिला. "मला शिकवू नका! तुमच्या लायब्ररीतला एकनाथ शिपाई रोज किल्ल्या द्यायला घरी यायचा. आई त्याला चहा कशात द्यायची? बाहेर कोनाड्यात वेगळा कप होता. तुम्ही तिथेच वाचत बसलेले असायचात. एकदा तरी पुस्तकातून मान वर केलीत? मी बघत होतो, अण्णा. मी तिथेच पायरीवर बसून श्री गिरवत होतो."

प्रल्हादरावांनी मान वर केली नव्हती. पण कोनाड्यातून कप उचलल्याचा तो आवाज त्यांना बावीस वर्षं, प्रत्येक संध्याकाळी, ऐकू आला होता.

"उद्या काही बोलू नका," प्रताप खालच्या सुरात म्हणाला. "तुमचं परतीचं तिकीट, इथलं राहणं, सगळं मी बघतोय. एवढं तरी माझ्यासाठी करा."

६

शनिवारी दोन वाजता सगळे जमले. धर्मराज आला आणि दाराजवळच्या खुर्चीत, कोट अंगात ठेवूनच बसला. सुमित्रा आली नव्हती, सुलभाही नव्हती.

"सभापती महाशय, करा सुरुवात," गिरीश म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

प्रल्हादराव उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"कलम एक," ते म्हणाले. "ज्याने हे पत्र लिहिलं, त्याने उभं राहावं."

 त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. पूर्ण एक मिनिट ते थांबले, मनात साठ आकडे मोजून. आणि मग अजून दहा मोजले. त्या दहा आकड्यांत प्रताप उठला असता, तर त्यांनी पुढचं काही सांगितलं नसतं.

कुणी उठलं नाही.

त्यांनी सांगितलं. कागदाची उंची, मशीनची दांडी, चार गठ्ठे, वरचं श्री. बोलताना ते दोनदा अडखळले, पण एकही गोष्ट गाळली नाही. मृणालिनीने तोंडावर हात ठेवला. गिरीश "प्रताप? च्यायला!" एवढंच म्हणाला. कांचन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याकडे असं बघू लागली जणू तो कुणाच्या तरी घरी चुकून शिरलेला माणूस आहे.

"पण सरकार तर त्याचंच होतं," मृणालिनी म्हणाली. "का पाडेल तो?"

प्रल्हादरावांनी धर्मराजकडे पाहिलं. इथे थांबता आलं असतं. नाव साफ झालं होतं. पण बावीस वर्षं ते इथेच थांबत आले होते.

"शेजारच्या घरासाठी," ते म्हणाले. "प्रतापला धर्मराज भिंतीपलीकडे नको होता. हे त्याला माझ्याच घरात शिकायला मिळालं. आमच्याकडे एकनाथ नावाच्या माणसासाठी वेगळा कप होता. मला ठाऊक होतं, मी वाचत बसलो."

धर्मराज हळूहळू उभा राहिला. त्याने प्रतापकडे पाहिलं. प्रताप टेबलावरच्या नकाशाकडे, शंभर बेटांकडे बघत बसला होता.

"वर तोंड कर ना यार," धर्मराज म्हणाला. "एकदा तरी."

प्रतापने केलं नाही.

"भावजी, जेवून..." कांचन पुढे होत म्हणाली.

"आज नको, वहिनी."

प्रल्हादराव चपला न घालताच त्याच्यामागे ड्राइव्हवेपर्यंत गेले. शेजारच्या रिकाम्या घराच्या खिडक्यांवर ऊन पडलं होतं.

"सोमवारी सही करशील ना?" त्यांनी विचारलं. "आता तू खोटा ठरला नाहीस. आता सगळ्यांना माहीत आहे."

धर्मराजने गाडीचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. "काका, तुम्ही कारण सांगितलं नसतं, तर कदाचित केली असती."

"सांगायला नको होतं?"

"नाही, सांगायलाच हवं होतं." त्याने शेजारच्या घराच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. "पण म्हणजे प्रतापला जे हवं होतं ते झालंच ना? आता घरी जाऊन त्या पोरीला सांगायचंय की खोली मिळणार नाही. 'का' म्हणेल. ती 'का' म्हणते हल्ली सगळ्याला, इंग्लिशमध्ये." त्याने वाकून प्रल्हादरावांच्या पायांकडे पाहिलं. "आत जा, काका. जमीन गार आहे."

गाडी वळून गेली. मागून गिरीश आणि मृणालिनी निघाले, आपापल्या गाड्यांत.

"अण्णा," दारातून प्रतापने हाक मारली. "आत या."

प्रल्हादराव दोन्ही घरांसमोरच्या सामाईक अंगणात उभे राहिले. एवढ्या मोठ्या देशात त्यांना माहीत असलेली दारं दोनच होती. एक मुलाचं, ज्यातून आत्ताच एक माणूस निघून गेला होता. दुसरं त्या माणसाचं, आणि तिथे जायला पाऊण तास चालावं लागत होतं. त्यांनी आत जाऊन चपला घातल्या, मफलर घेतला आणि मुलाच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, पुन्हा बाहेर येऊन ते रस्त्याला लागले.